फुलां बघूक

आमच्याकडे ‘बघायला’ जायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मुलगी बघायला जातात, जमीन बघायला जातात आणि आजारी माणसाला बघायला जातात. तिन्ही ठिकाणी चहा मिळतो आणि परतीच्या वाटेवर नावं ठेवायला काहीतरी हाताशी लागतं. त्यामुळे सात दिवसांचा गणपती पोचवून आल्यावर, अंगावरच्या ओल्या टॉवेलानिशी ओटीवर बसलेल्या दादाने जेव्हा जाहीर केलं, की उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून फुलं बघायला जायचं, तेव्हा समईची वात सारखी करणारी आई थांबली.

“फुलां बघूक? कोणाची?”

“कोणाची नाहीत काकी. रानफुलं. आंबोलीच्या पुढे चौकुळचा सडा आहे ना, तिथे आता सगळीकडे फुललीत. लोक मुंबई-पुण्याहून येतात.”

“आणि काय करतत?”

“बघतात.”

“बघतत आणि?”

“फोटो काढतात.”

“मगे?”

“मग... परत जातात.”

आईने दादाकडे जरा काळजीने बघितलं. दादा माझा चुलतभाऊ, तीस वर्षं डोंबिवलीला असतो. तीस वर्षं लोकलने जाणाऱ्या माणसाचं काहीतरी बिघडतं अशी तिची पहिल्यापासून शंका आहे. तिने वात पुढे सरकवली आणि एवढंच विचारलं, “थंय कोण आजारी नाय मां?”

आईचं चुकत नव्हतं. तिच्या हिशेबात फुलांची खाती चारच. देवाची, केसातली, माटवीची आणि गुरांची. जास्वंद-अनंत देवाला. अबोली केसात, आणि फेब्रुवारी-मार्च आला की सुरंगी. आरवली-आसोलीकडची सुरंगी म्हणजे काय ते ज्याने सकाळच्या बाजारात वळेसर हुंगलाय त्यालाच कळतं. बसमधली एक बाई वळेसर माळून चढली की मागच्या सीटवरच्यालाही तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळ बांधायचे आणि मधे मधे कांगणां, कवंडळां, शेरवडां, हरणां, तिरडो. ही सगळी रानातून, सड्यावरून काढून आणायची. आईचं माहेर आजगावच्या सड्याकडचं. लहानपणी चतुर्थीच्या आदल्या दिवशी भावंडं पहाटे कोयती घेऊन निघायची ती दुपारी काट्यांनी ओरबाडलेले पाय घेऊन परत. राहिलं चौथं खातं, गुरांचं. कुठलंही रानातलं फूल दाखवा, आई पहिल्यांदा हे सांगणार की गुरं ते खातात की नाही. नुसतं बघण्याचं पाचवं खातं तिच्या वहीत नव्हतं.

माझी हरकत वेगळीच होती. श्रावण आणि त्याला लागून आलेली चतुर्थी धरली तर आमच्या घरात महिना-सव्वा महिना मासा शिजला नव्हता. गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी शिरोड्याच्या मासळीबाजारात जी गर्दी होते ती बघितली, तर परगावच्या माणसाला वाटेल, फुकट वाटतायत की काय. त्या पवित्र दिवशी हा गृहस्थ मला समुद्राकडे पाठ करून घाट चढायला सांगत होता. आणि फुलं बघायला! पण पाहुण्याला नाही म्हणता येत नाही; शिवाय वहिनी म्हणाली, “भावजी, कासला आधी नोंदणी करायची, शुल्क भरायचं, गर्दीत उभं राहायचं. इथे तुमच्या घराजवळ फुकट आहे, आणि तुम्ही अजून बघितलं नाही?”

हे मात्र खरं होतं. साताऱ्याचं कास पठार पश्चिम घाटाबरोबर 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हा मी पेपरात वाचून मान डोलावली होती. चौकुळ आमच्याच जिल्ह्यात. घराजवळचं बघायचं राहून जातं, याला शिरोडेकर अपवाद नाही. आमच्यातल्या अर्ध्यांनी वि. स. खांडेकरांचं स्मारकही पाहुण्यांना दाखवायच्या निमित्ताने पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

आई तयार झाली ती एका अटीवर: जाता जाता हिरण्यकेशीचं दर्शन. देवदर्शन हे ‘बघणं’ नव्हे, ते काम असतं. त्या कामाला जाताना वाटेत फुलं लागली तर तिची ना नव्हती.

सात माणसांच्या गाडीत आम्ही नऊ. गाडी चालवायला पुतण्या. शेजारी दादा, कारण त्याचं पोट दुसरीकडे बसत नाही. मधे आई खिडकीला, वहिनी, आमची ही आणि मांडीवर दादाची सहा वर्षांची नात. मागे मी, माझी बहीण आणि जावई. जावई म्हणजे बहिणीचे यजमान, पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, आता निवृत्त. निवृत्त प्राध्यापकाला वर्ग मिळत नाही ही त्यांची खंत. आज दारं लावलेल्या गाडीत आठ विद्यार्थी मिळणार होते. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासूनच तेज होतं.

निघायचं सहाला ठरलं म्हणजे आठला निघालो. आंबोली पूर्वेला, म्हणून गाडी उत्तरेला वळली. कारण वेतोबाला सांगितल्याशिवाय आई कुठे जात नाही. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून लोक त्याला हे एवढाल्या चामड्याच्या चपला वाहतात. देवळात चपलांचे जोड आणि केळ्यांचे घड बघून नातीने विचारलं, “आजोबा, देवाचा पाय केवढा आहे?” दादा म्हणाला, “खूप मोठा.” नात म्हणाली, “मग त्याला गाडी का नाही दिली?” यावर आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. घड्याळात पावणेनऊ, आणि आम्ही आंबोलीपासून तीन किलोमीटर लांब गेलो होतो.

सावंतवाडी पंचवीस-एक किलोमीटर. तिथे मोती तलावाला एक फेरी, कारण वहिनीच्या फोनमध्ये तलाव नव्हता. मग चितार आळी, कारण लाकडी खेळणी. नातीने खेळण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. वहिनीने मात्र लाकडी केळी, लाकडी सीताफळ, लाकडी वांगी अशी एक टोपली भरून घेतली. खरी रानफुलं बघायला निघालेल्या माणसांनी वाटेत लाकडाची फळं घ्यावीत यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीला आईने हात जोडले. तिथेच एकाला चहा हवा झाला, म्हणून नऊ जणांनी घेतला.

चहाबरोबर डबे उघडले गेले. आमच्या हिने पहाटे उठून आंबोळ्या घातल्या होत्या, काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. आंबोलीला आंबोळ्या हा विनोद दादाने तिथे पहिल्यांदा केला. संध्याकाळपर्यंत एकूण सहा वेळा केला. शेवटच्या वेळी तोच एकटा हसला. दारचं भलंमोठं तवसं चिरून घेतलं होतं, त्याच्या फोडी वाटल्या, आणि तेव्हा कळलं की मीठ घरी राहिलं. 1930 च्या सत्याग्रहात ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर माणसांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या शिरोड्याच्या घरातून नऊ माणसं पाच डबे घेऊन निघाली आणि चिमूटभर मीठ कोणी घेतलं नाही. आईने अळणी फोड तोंडात धरली आणि काहीही न बोलता आमच्या हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मी दऱ्याखोऱ्यांकडे बघू लागलो.

माझं लक्ष डब्यांच्या खालच्या डब्यात होतं. त्यात बांगडे होते. पहाटे साडेपाचला होडीवरून आलेले, तिरफळ-हळद लावून तळलेले आठ बांगडे. तळले हिने, डब्यात घातले मी, आणि डब्यावर ‘शेव’ असं लिहिलेलं होतं ते आधीचंच. देवदर्शनाला निघालेल्या गाडीत म्हावरं आहे हे आईला कळलं असतं तर तिने मला दाणोलीतच उतरवलं असतं.

घाटाची मजा सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस सातशे मीटरच्या आसपास उंचीवर येतो, कान बंद होतात, जावयांचा आवाज येईनासा होतो. धबधब्याजवळ माणसं, माकडं आणि भाजलेली कणसं यांची एकच दाटी. माकड माणसाचं कणीस ओढत होतं आणि माणूस तसाच उभा राहून आपला फोटो काढून घेत होता. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे दोन मजली घर बुडेल एवढं पाणी. हे जावयांनी सांगितल्यावर आई म्हणाली, “तरी धबधब्याक काय होता तितक्या पाणी नाय आता.”

हिरण्यकेशीला उतरलो. नदी गुहेतून बाहेर येते, पुढे देऊळ, पुढे कुंड. गार पाण्याने पाय धुऊन सगळे आत गेले. मी मागे राहिलो होतो, डबा सीटखाली नीट सरकवायला. जावई माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे का, या कुंडात एक मासा आहे.”

माझ्या पोटात धस्स झालं.

“इवलासा, रंगीत. 2020 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. नाव, शिस्टुरा हिरण्यकेशी. तो सापडल्यावर 2021 साली राज्य सरकारने या सगळ्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. म्हणजे बघा, एका माशापायी देवळाला संरक्षण!” मग ते थांबले, नाक वर केलं, एक लांब श्वास घेतला. “बांगडे का?”

“आठ आहेत,” मी म्हणालो.

“आपण नऊ,” ते म्हणाले. “आई धरायच्या नाहीत. बरोबर आठ.” मला हा माणूस पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आवडला.

चौकुळ तिथून दहा-बारा किलोमीटर. सड्यापाशी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि सडा नव्हता. म्हणजे असणारच, गाडी कशावर तरी उभी होती. पण काचेबाहेर धुकं. असं, की पुतण्याने वायपर चालवून बघितला. दहा पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते, आणि त्या गाडीतूनही कोणीतरी वायपर चालवत होतं.

“थांबू या,” दादा म्हणाला. “जाईल.”

आम्ही थांबलो. आधी गप्प. मग पाऊस आला म्हणून काचा वर. मग काचांवर वाफ. नऊ माणसं, पाच डबे, एक टोपली लाकडी वांगी आणि सीटखालून हळूहळू मोकळा होत चाललेला तिरफळाचा वास. आईने डोळे मिटले, डोकं खिडकीला टेकलं आणि पदर नाकावर ओढून घेतला. तेवढ्यात जावयांनी घसा साफ केला. तास सुरू झाला.

इथे मला त्यांची थोडी बाजू घेतली पाहिजे, कारण त्यांनी जे सांगितलं ते मला पन्नास वर्षं सड्याच्या कडेला राहून ठाऊक नव्हतं. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. आमची घरं ज्या चिऱ्यांची, तोच दगड. वर माती असते ती कुठे बोटभर, कुठे वीतभर. चार महिने त्यावरून पाणी धोधो वाहतं, आणि मातीत जे काही सकस असेल ते धुऊन खाली नेतं. मोठ्या झाडाला इथे मूळ धरायला जागा नाही. आणि जे बारकं रोप टिकतं, त्याला नत्र मिळत नाही. “मग ते रोप काय करतं?” जावयांनी सगळ्यांकडे बघितलं. वर्गात असते तशी मागच्या बाकावर शांतता होती. “शिकार करतं.”

नात एकदम ताठ झाली.

जी निळी-जांभळी फुलं लोकांना इतकी आवडतात, ज्यांना सीतेची आसवं म्हणतात, ती किडे खातात. फूल नव्हे, त्याच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याहून लहान अशा पिशव्या असतात. पिशवीला आत उघडणारं झाकण, झाकणाशी केस. रोप पिशवीतलं पाणी बाहेर टाकून तिला आतून रिकामी करून ठेवतं. पाण्यातला एखादा बारीकसा जीव त्या केसाला नुसता लागला की झाकण आत उघडतं, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झाकण मागे बंद. सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. वनस्पतींच्या हालचालींत याच्याइतकी झपाट्याची फार थोडी.

“मग त्याला बाहेर येता येतं?” नातीने विचारलं.

“नाही.”

तिने वाफ धरलेल्या काचेकडे बघितलं, कुलूप पडलेल्या दाराकडे बघितलं, आणि आजीच्या मांडीवरून जावयांपासून जरा लांब सरकली.

“पण आसवं कसली?” वहिनी म्हणाली. “सीता इकडे कुठे आली?”

“वनवासात सगळीकडे आली होती ती,” माझी बहीण म्हणाली, आणि आपल्या यजमानांकडे अशा नजरेने बघितलं, की वनवास हा विषय तिथेच संपला.

मग भूक. भूक लागली तेव्हा डबे उघडणं आलं, आणि ‘शेव’ही उघडली. मी आईकडे बघत होतो. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, श्वास लांब. आठ जणांनी आठ बांगडे असे खाल्ले की काट्याचासुद्धा आवाज नाही. धुक्यात, बंद गाडीत, चोरून खाल्लेल्या त्या बांगड्याची चव मला अजून आठवते. मीठ मासळीला लावलेलं होतं, ही देवाची कृपा.

दादाने हात पुसले, गाडीच्या काचेवर बोटाने गोल काढला आणि म्हणाला, “अरे, उघडलं!”

खरोखर उघडलं होतं. धुकं वर गेलं नव्हतं, बाजूला सरकलं होतं, देवळातला पडदा सरकवावा तसं. शिरोड्यात वि. स. खांडेकर 1920 ते 1938 मास्तर होते, त्यामुळे आमच्या गावातल्या माणसाला उपमा सुचली की ती रोखता येत नाही. पण त्या वेळी मला एकच सुचलं की कोणीतरी सड्यावर निळं लुगडं वाळत घातलंय. काळा कातळ, त्यावर पाणी, आणि पाण्याच्या कडेकडेने निळा रंग पसरलेला. मधे पांढरे ठिपके. लांबवर पिवळा पट्टा.

सगळे उतरले. आईला उठवू या का, असं ही म्हणाली. झोपू दे, मी म्हणालो, गुडघे दुखतील. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे माझ्या बोटांना येणारा वास.

धावत गेलो आणि तिथे पोचल्यावर रंग गेला. लांबून जो निळा दिसत होता तो जवळ गेल्यावर विरळ गवत झाला. उभ्याने खाली बघावं तर नखाएवढाली काहीतरी बारीक फुलं, काडीवर एकेक. वहिनी म्हणाली, “एवढीच?” दादाने आवाजात सगळा अपेक्षाभंग आणून म्हटलं, “फोटोत मोठी दिसतात.”

“खाली बसा,” जावई म्हणाले. “उभ्याने बघायची फुलं नाहीत ही.”

ते स्वतः ओल्या कातळावर गुडघे टेकून बसले, मग पालथे झाले. निवृत्त प्राध्यापकाला चिखलात पालथं पडलेलं बघून मलाही लाज उरली नाही. मी पडलो. माझ्या नाकासमोर एक फूल होतं. वीतभर काडी, दोऱ्यासारखी, आणि टोकाला फूल. वरची पाकळी लहान, उभी. खालची पसरट, परकर पसरून बसलेल्या पोरीसारखी. दोन्हींच्या मधोमध, जिथे घसा असावा तिथे, पांढरा ठिपका. आणि मागे शेपटीसारखं एक अणकुचीदार टोक. वारा आला की ते पाणी झाडल्यासारखं थरथरायचं. शेजारी पाणगेंद, पांढरे गोल गोंडे, शर्टाच्या बटणांसारखे. त्या बटणांच्या आणि त्या निळ्या परकरांच्या पलीकडे, जमिनीला गाल लावून बघितलं तर सडा संपतच नव्हता. निळा रंग परत आला होता. तो उंचीचा प्रश्न होता.

“इथे एक किडा अडकलाय!” नात ओरडली. ती उकिडवी बसली होती. तिच्यासमोर दवबिंदू होतं, तांबूस रोप, पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका थेंबात चिलट, पाय हलवणारं. नातीने त्याला फुंकर मारली. चिलट आणखी चिकटलं. तिने विचार केला आणि काडीने हळूच थेंब मोडला. चिलट सुटलं, उडालं नाही, कातळावर बसून राहिलं. जावई म्हणाले, “तू त्या रोपाचं जेवण काढून घेतलंस.” नात म्हणाली, “त्याला शेव द्या.” बाकी आठ जणांपैकी सात जण एकदम खोकले.

इतका वेळ दादा शांत होता. तोही पालथा झाला होता, पण पोटावर. आणि पोट कातळावर टेकल्यामुळे हात-पाय कशालाच टेकत नव्हते. फोन डोळ्यासमोर धरून त्याने तीन फोटो काढले आणि मग अगदी सहज म्हणाला, “अरे, मला जरा उठवा.” मी एका बाजूने, पुतण्या दुसऱ्या बाजूने. उठवताना आमचे पाय कुठे पडतायत हे आम्ही बघितलं नाही, आणि जावयांनी बघितलं. त्यांनी काही म्हटलं नाही. वाकून दोन काड्या सरळ करून बघितल्या, त्या राहिल्या नाहीत. पलीकडे एक जोडपं फुलांच्या मधोमध बसून रील काढत होतं, पुन्हा पुन्हा, कारण दर वेळी कोणीतरी चुकत होतं. ते उठून गेले तेव्हा तिथे बसल्याची जागा, नेमकी दोन माणसांची, राहिली. आम्ही त्यांना मनातल्या मनात नावं ठेवली. आमची जागा दादाच्या आकाराची होती, तिच्याकडे पाठ करून.

पिवळा पट्टा म्हणजे कवला. त्याच्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून पोरं त्याला मिकी माउस म्हणतात. जावयांनी ठाण्या-रायगडाकडे कवल्याची भाजी करतात असं सांगितल्यावर आमच्या हिला त्या सगळ्या सहलीत पहिल्यांदा उत्साह वाटला. कडेला तेरड्याची रांग होती. त्याच्या फुगलेल्या शेंगेला बोट लावलं की ती तडकून गुंडाळते आणि बिया उडतात. नातीने वीसेक शेंगा फोडल्या. मग वहिनीने फोडल्या. मग, कोणी बघत नाही असं बघून, मी. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण शेंगेची मजा कुठल्याही वयाला पुरते. जावई कारवीबद्दल सांगत होते, ती सात वर्षांतून एकदा, आणि सगळ्या डोंगरावर एकाच वेळी कशी फुलते, आणि त्यांच्या वाक्याच्या मधोमध पडदा पुन्हा सरकला. आधी कवला गेला, मग रील काढणारं जोडपं, मग दादा. हाका मारत मारत आम्ही गाडी शोधली. सगळा मिळून वीस मिनिटांचा कारभार.

आई तशीच होती. खिडकीला डोकं, नाकावर पदर.

येताना घाटात एका ठिकाणी बटाटवडे खाल्ले. दादाने फोटो दाखवले, तीनशे चाळीस. त्यांतले बहुतेक धुक्याचे, काही दादाच्या बोटाचे, पंधरा-वीस वहिनीचे, आणि एका फोटोत पाणगेंदाच्या मागे माझं पालथं धूड, ते कुटुंबाच्या ग्रुपवर घाट उतरायच्या आत गेलं. रात्री नऊला घरी पोचलो. आई न बोलता हातपाय धुऊन देवाला दिवा लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची मंडळी आवराआवर करत होती. मी मागल्या दारी दात घासत होतो. गडग्याच्या पलीकडे शेजारची काकी कोंबड्या सोडत होती, अलीकडे आई.

“काल खंय गेल्लात गो सगळी?” काकीने विचारलं.

“फुलां बघूक.”

“फुलां? कोणाची?”

“सड्यावरची गो. चौकुळाक.” आईचा आवाज मी ओळखतो, एखाद्या लग्नाला जाऊन आल्यावर ती न गेलेल्यांना सांगते तो. “काय सांगू तुका, सगळो सडो निळो. पण उब्यान बघशीत तर कायएक दिसाचा नाय. खाली बसाक होया. गाल लावन बघाक होया. बारीकशी फुलां, नखाएवढी. खालची पाकळी कशी, परकर पसरून चेडू बसल्यासारखी. आणि मधी, घशाकडे, पांढरो ठिपको. दुधाचो थेंब पडल्यासारखो. आणि मधी मधी कोणीतरी बटणां सांडल्यासारखी पांढरी.”

ब्रश माझ्या तोंडात तसाच राहिला. गाडीतून तो ठिपका दिसणं शक्य नव्हतं. मी तिला ते सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी वड्याविषयीच बोलत होतो. काल मधेच कधीतरी उतरली असेल, धुक्यात? की साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, आजगावच्या सड्यावर, कोयती बाजूला ठेवून, गुरं पुढे गेलेली असताना?

“गुरां खातत?” काकीने विचारलं.

“खायत नाय,” आई म्हणाली. “नुसती बघूची.”

काकीने कोंबड्यांकडे बघत विचार केला. “मगे पुढल्या वर्सा माका पण घेवन जा.”

“जावया. पण डबो आपलो घेवया, थंयचो वडो काय खरो न्हय. आणि म्हावरा घेतलास तर उघड्यान खावा, लपान कित्याक.” तिने गडग्यावरून माझ्या दिशेला बघितलं नाही. “आणि मीठ घे गो. आमच्या घरात कोणाक आठवण नाय.”